चाळीस हजार किलोमीटरचा हिशेब कोणी आणि कसा ठेवायचा?

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे, तो थोडक्यात असा: "धाकट्या भावाने वर्षाची बिनपगारी रजा घेतली आहे. ३६५ दिवसांत सायकलवर ४०,००० किलोमीटर करायचे असं ठरवलंय. रोजचा हिशेब ठेवायचं काम माझ्याकडे आलं आहे. सरावाच्या एकाच राइडला फोन १०३.८ दाखवतो आणि गार्मिन, म्हणजे हँडलवरचं मीटर, १०२.१, मग खरं कुठलं धरायचं? तो पुढे आहे की मागे हे रोज कसं ओळखायचं? उद्या कोणी शंका घेतली तर हातात काय असायला हवं? आणि सुरुवात १ जानेवारीला करावी की आई म्हणते तशी पाडव्याला?"

ताई, मी ठाण्यातच नौपाड्यात राहतो. स्वतः फार मोठा सायकलस्वार नाही, पण दहा-बारा वर्षं ब्रेव्हेंच्या, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडच्या, कंट्रोलवर (तपासणीच्या ठिकाणी) रात्री-अपरात्री शिक्के मारत बसलो आहे, आणि वर्षभराच्या दोन प्रयत्नांचा हिशेब ठेवला आहे. त्यातला एक पुरा झाला. दुसरा ऑगस्टमध्ये बंद पडला, आणि तो बंद पडण्यात माझ्या एक्सेल शीटचा मोठा हात होता. तेव्हा आधी तेच सांगतो, फोन आणि गार्मिनच्या भांडणाकडे नंतर येऊ.

त्या बंद पडलेल्या प्रयत्नातल्या मुलाचं लक्ष्य ३६,५०० होतं. रोज शंभर, हिशेबाला सोपं. मी शीट केली: तारीख, आजचे किलोमीटर, एकूण, आणि चौथ्या रकान्यात 'आज किती व्हायला हवे होते'. पुढे असेल तर हिरवा, मागे असेल तर लाल. मेअखेरपर्यंत सगळं हिरवंगार. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पाऊस लागला आणि रकाना लाल व्हायला लागला. जुलैच्या मध्याला तो अकराशे किलोमीटर मागे दिसत होता. मी रोज रात्री इमानेइतबारे शीट त्याला पाठवत होतो. एका रविवारी तो भर पावसात घोडबंदरला गेला, १९० मारून आला, दुसऱ्या दिवशी परत १६०. गुडघा धरला. तरी तिसऱ्या दिवशी बाहेर पडला, कारण रकाना लालच होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी सायकल बंद केली ती तीन महिने.

चूक अशी होती की मी वर्षाची रेघ सरळ धरली. आपल्याकडे वर्ष सरळ नसतं. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस वेगळेच असतात. विटाव्याला रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की कळव्याहून ऐरोलीकडे जायची वाटच बंद होते, घोडबंदरचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, आणि ब्रेक पॅड आठवड्यात संपतात. तुमच्या भावाचा आकडा घेऊन करून बघा. ४०,००० भागिले ३६५ म्हणजे रोजचे १०९.६. आता पावसाळ्यात रोज सरासरी ८० होतील असं धरा, तेही खूप झालं. त्या १२२ दिवसांत ९,७६० होतात. उरलेल्या २४३ दिवसांवर ३०,२४० पडतात, म्हणजे रोजचे साधारण १२४.४. खरं लक्ष्य हे आहे. १ जानेवारीला सुरुवात धरली तर ३१ मे रोजी तो सुमारे १८,७९० वर असायला हवा. सरळ रेघेच्या शीटवर त्या दिवशी तो २,२४० किलोमीटर पुढे दिसेल, घरात पेढे वाटले जातील, आणि प्रत्यक्षात तो फक्त जागेवर असेल. उलट ३० सप्टेंबरला तो १,३७० च्या आसपास मागे दिसेल, घरात सुतक, आणि तेव्हाही तो जागेवरच असेल.

मोठ्या लोकांचीही रेघ सरळ नव्हती. टॉमी गॉडविन या इंग्रज सायकलस्वाराने १९३९ मध्ये एका वर्षात ७५,०६५ मैल केले, म्हणजे १,२०,८०५ किलोमीटर. रोजची सरासरी ३३१ किलोमीटर. आधीचा ६२,६५७ मैलांचा विक्रम ऑस्ट्रेलियाच्या ऑसी निकल्सनचा होता, तो गॉडविनने २६ ऑक्टोबरलाच मोडला. आता भागाकार करा. तोपर्यंतच्या २९९ दिवसांत रोजचे साधारण ३३७ किलोमीटर, आणि नंतरच्या ६६ दिवसांत साधारण ३०२. कारण उघड आहे: थंडी, लहान दिवस, आणि सप्टेंबरात सुरू झालेलं युद्ध. ब्लॅकआउटमध्ये दिवा झाकून चालवावी लागे. त्याने मोठी मजल मारली ती २१ जूनला, तिकडच्या सर्वांत लांब दिवशी, ३६१ मैल. म्हणजे त्याचा जून हा आपला जानेवारी. आपल्या पोरांनी त्याचा तक्ता जसाच्या तसा घेतला तर घोडबंदरला बुडतील.

सरळ रेघ चालते ती एकाच ठिकाणी. अमांडा कोकरने १५ मे २०१६ पासून वर्षभरात ८६,५७३ मैल केले, म्हणजे सुमारे १,३९,३०० किलोमीटर, रोजचे ३८० च्या वर. हे तिने बहुतांशी फ्लोरिडातल्या फ्लॅटवुड्स पार्कमधल्या सात मैलांच्या रस्त्यावर केलं. सपाट, सिग्नल नाही, गाड्या नाहीत. दिवसाला चौतीसेक फेऱ्या. आपल्याकडे तसं काही शोधायचं तर पहाटेचा पाम बीच रोड. वाशीकडून बेलापूरच्या किल्ला जंक्शनपर्यंत नऊ-दहा किलोमीटर, आलं-गेलं की वीस. पण साडेसात वाजले की गाड्या सुरू होतात, आणि त्या रस्त्यावर गाड्या कशा पळतात ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय एकाच रस्त्यावर रोज सहा फेऱ्या मारायला वेगळं डोकं लागतं. ते प्रत्येकाकडे नसतं, माझ्याकडे तर नाहीच.

म्हणून आता मी शीटमध्ये लाल-हिरवं ठेवतच नाही. एकच रकाना ठेवतो, त्याला आम्ही 'उरलेली गरज' म्हणतो. लक्ष्यातून झालेले वजा करा, उरलेल्या दिवसांनी भागा. बस. हा आकडा कसा हलतो ते एकदा नीट बघून ठेवा, कारण वर्षभर घरातली शांतता त्यावर अवलंबून आहे. समजा साठाव्या दिवशी भाऊ बरोबर सरासरीवर आहे आणि ताप येऊन पाच दिवस घरी बसला. उरले ३३,४२५, दिवस ३००. गरज १०९.६ वरून १११.४ होते. दिवसाला दोन किलोमीटरसुद्धा वाढले नाहीत, तीन हात नाक्याहून तलावपाळीला जायचं तेवढं. हेच पाच दिवस ३४० व्या दिवसानंतर गेले तर उरलेल्या २० दिवसांत रोज १३७ लागतात. म्हणजे सुट्टी सुरुवातीला स्वस्त, शेवटी महाग. हे गणित मला आधी कळलं असतं तर त्या मुलाला मी जुलैत स्वतः फोन करून सांगितलं असतं, आठ दिवस झोप.

आणि हा आकडा त्याला रोज सांगू नका. रविवारी रात्री एकदा. रोजच्या रोज त्याला फक्त कालचे किलोमीटर कळतातच, ते त्याच्या हँडलवरच असतात. हिशेब ठेवणारं माणूस वेगळं का लागतं, तर चालवणाऱ्याच्या डोक्यातून बेरीज-वजाबाकी बाहेर राहावी म्हणून. आमचा जो प्रयत्न पुरा झाला, त्यात स्वाराच्या बायकोने शीटचा पासवर्डच बदलून टाकला होता. तो मार्चपासून डिसेंबरपर्यंत तिच्याशी त्यावरून भांडत होता, पण वर्ष झालं पुरं.

आता फोन आणि गार्मिन. १०३.८ आणि १०२.१ यात खोटं कोणी नाही, दोघं वेगळ्या पद्धतीने मोजतात. फोन उपग्रहांकडून आपली जागा घेतो आणि बिंदू जोडत जातो. उघड्या रस्त्यावर हे छान चालतं. घोडबंदर रोडला मेट्रोच्या पुलाखालून गेलात की बिंदू इकडेतिकडे उड्या मारतात, दोन्ही बाजूंना उंच टॉवर, सिग्नल परतून येतो, आणि सरळ गेलेला माणूस नकाशावर दारू प्यायल्यासारखा दिसतो. त्या प्रत्येक वळणाचे मीटर बेरजेत पडतात. सिग्नलला दोन मिनिटं उभे राहिलात तरी बिंदू थोडा-थोडा सरकत असतो. उलट येऊरच्या चढावर, झाडीत आणि वळणावळणांत, बिंदू लांबलांबचे घेतले गेले तर वळणं कापली जातात आणि अंतर कमी भरतं. तुमच्या भावाच्या गार्मिनला चाकावरचा सेन्सर जोडलेला असेल तर तो चाकाचे फेरे मोजून परिघाने गुणतो. पूल असो, बोगदा असो, त्याला फरक पडत नाही. माझं मत: चाकाचा सेन्सर असेल तर तोच मुख्य धरा. पण परीघ बरोबर घातला पाहिजे, आणि इथे नव्वद टक्के लोक तक्त्यातून आकडा उचलून मोकळे होतात.

हे असं करा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघा. टायरमध्ये रोजची हवा भरा. भावाला सायकलवर बसवा, रोजच्या बाटल्या आणि बॅगेसकट, कारण वजनाने टायर दबतो आणि परीघ कमी होतो. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली आणा, जमिनीवर खडूने खूण करा. कोणीतरी धरून हळूहळू ढकला, व्हॉल्व्ह पाच वेळा खाली आला की पुन्हा खूण. मग टेपने मोजा आणि पाचाने भागा. आमच्या वेळी टेपचं दुसरं टोक वॉचमनने धरलं होतं आणि 'साहेब, गाडी विकताय का' असं विचारत होता. १०.५६ मीटर आले, म्हणजे एका फेऱ्याला २,११२ मिलिमीटर. यंत्रात होते तक्त्यातले २,१०५. सात मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं. चाळीस हजारांवर ते १३३ किलोमीटर होतात, एका दिवसाची राइड. आमच्या बाबतीत ते आमच्या विरुद्ध जात होते, उलटे असते तर वर्षाच्या शेवटी कोणीतरी बोट ठेवलं असतं. टायरचा साइज बदलला की पुन्हा मोजा. २५ मिलिमीटर रुंदीचा काढून २८ चा घातला आणि आकडा तसाच राहिला, हे मी तीनदा पाहिलंय.

सेन्सर नसेल तर गार्मिनचा उपग्रहावरचा आकडा घ्या, फोन राखीव. कुठलंही धरा, पण १ तारखेच्या आधी कागदावर लिहून ठेवा की मुख्य यंत्र हे. ते बंद पडलं त्या दिवशी दुसऱ्याचा आकडा, आणि शेरा. रोज दोघांतला मोठा आकडा उचलायची सवय लागली की महिन्याभरात कोणीही ओळखतं. दोन-तीन सेटिंग बघून घ्या: नोंद दर सेकंदाला होऊ द्या, 'स्मार्ट' ठेवू नका. थांबलं की नोंदही आपोआप थांबवणारं 'ऑटो पॉज' बंद, म्हणजे थांबलेला वेळ फाइलमध्ये दिसतो. कोणी तपासलं तर थांबलेल्या वेळेनेच राइड खरी वाटते, सहा तास न थांबता चाललेला माणूस संशयास्पद असतो.

एक खास आपल्याकडचा खड्डा सांगतो. यंत्राच्या मूळ फाइलमध्ये वेळ जागतिक घड्याळाची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे साडेचारला निघालेली राइड फाइलच्या हिशेबाने आदल्या दिवशी रात्री अकराला सुरू झालेली असते. अ‍ॅपमध्ये ती आपल्या वेळेने बरोबर दिसते. पण मी एकदा सगळ्या फाइल एका छोट्या प्रोग्रॅमने शीटमध्ये ओढल्या, आणि उन्हाळाभर, म्हणजे ऊन टाळायला तो पहाटे निघायचा तेव्हा, जवळजवळ प्रत्येक राइड आदल्या तारखेला जाऊन बसली. काही दिवशी दोन राइड, काही दिवशी शून्य. एकूण बेरीज बरोबर होती म्हणून मला सहा आठवडे कळलंच नाही. रोजची नोंद दाखवायची वेळ आली असती तर पंचाईत होती. साडेपाचच्या आधी निघणाऱ्यांनी हे आधी तपासावं, आणि उन्हाळ्यात तुमचा भाऊ साडेपाचच्या आधीच निघेल.

दोन चुका हमखास होतात. एक, फोन आणि गार्मिन दोन्ही स्ट्रावाला, म्हणजे राइड नोंदवायच्या अ‍ॅपला, जोडलेले असतात आणि एकच राइड दोनदा चढते. दोन वेगळ्या यंत्रांच्या फाइल असल्या की त्या दोन वेगळ्या राइड म्हणून उभ्या राहतात आणि महिन्याच्या बेरजेत दोन्ही धरल्या जातात. आमच्याकडे १४६ किलोमीटर असे दोन वेळा धरले गेले होते. फोनचं खातं वेगळंच ठेवा. दुसरी चूक टेम्पोची. कसाऱ्याला चेन तुटली, सायकल टेम्पोत चढवली, आणि मीटर चालूच. घरी आल्यावर बघतो तर शहापूर ते माजिवडा ताशी साठच्या वेगाने. चाकाचा सेन्सर असेल तर हे टळतं, टेम्पोत चाक फिरत नाही. नाहीतर त्याच दिवशी फाइल तिथे कापा आणि शेऱ्यात लिहा. घरात जागेवरच सायकल चालवायच्या ट्रेनरवर मारलेले किलोमीटर धरू नका. रस्त्यावरचं वर्ष म्हटलं की रस्त्यावरचेच, पावसाळ्यात कितीही मोह झाला तरी.

पुराव्याचं. गॉडविनच्या काळी यंत्र म्हणजे चाकाला लावलेला मैलमापक, आणि त्याच्या जोडीला साक्षीदारांच्या सह्यांची कार्डं. वाटेत भेटेल त्याची सही घ्यायची आणि ती कार्डं 'सायकलिंग' साप्ताहिकाकडे पोचवायची, ते तपासायचे. हा खेळ त्या साप्ताहिकानेच १९११ मध्ये सुरू केला होता. पहिल्या वर्षी मार्सेल प्लेन्स नावाच्या माणसाने ३४,३६६ मैल केले, म्हणजे पंचावन्न हजार किलोमीटरच्या वर. हो, १९११ मध्ये. भावाला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. १९३६ मध्ये वॉल्टर ग्रीव्ह्जने ४५,३८३ मैल केले, आणि त्याला एकच हात होता.

२०१५ पासून अल्ट्रासायकलिंगच्या अमेरिकी संघटनेने नव्याने नियम केले आणि जीपीएसच्या फाइल, चालू ठिकाण उघडपणे दाखवणं, हे सगळं आलं. त्या वर्षी निघालेला अमेरिकेचा कर्ट सिअरव्होगेल जानेवारी २०१६ मध्ये ७६,०७६ मैलांवर पोचला आणि गॉडविनचा ७६ वर्षांचा विक्रम गेला. ही सगळी मंडळी रोज फाइल टाकत होती आणि जगभरातले रिकामटेकडे लोक, त्यात मीही, रोज रात्री ती उघडून बघत होतो. शेकडो डोळ्यांखाली रोज गेलेली फाइल हाच मोठा पुरावा ठरला.

तुमच्यासाठी म्हणून: त्याच रात्री, झोपायच्या आत, यंत्रातली मूळ फाइल काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. स्क्रीनशॉट पुरावा नाही, तो कोणीही बनवतो. अ‍ॅपमध्ये दिसणारी राइडही पुरेशी नाही, कारण तिथे नाव, वेळ, अंतर सगळं नंतर हलवता येतं. मूळ फाइलमध्ये दर सेकंदाची जागा, वेग, नाडी असते, आणि तिच्यावर यंत्राचा क्रमांक असतो. रात्री नाही काढली तर दुसऱ्या दिवशी काढू म्हणतो, आणि मग यंत्राची मेमरी भरते आणि ते जुन्या फाइल पुसायला लागतं. आमची फेब्रुवारीतली एक राइड अशीच गेली. १२१ किलोमीटर. आम्ही ते धरले नाहीत.

ब्रेव्हेला आम्ही कार्डावर शिक्का मारतो. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला चाळीस, आणि मध्ये ठरलेल्या ठिकाणी पोचल्याचा कागद हवा. एकेकाळी एटीएमची पावती घ्यायचे, शंभर रुपये काढायचे आणि चिठ्ठी जपायची. आता त्याहून सोपं आहे: यूपीआय. पडघ्याला चहा घेतला, दहा रुपये फोनवरून दिले, बँकेच्या नोंदीत वेळ पडली. दुकानदाराचं नावही त्यात येतं. भावाला सांगा, रोज घरापासून सर्वांत लांबच्या ठिकाणी एक चहा यूपीआयवर घ्यायचा. महिन्याअखेर बँकेचं स्टेटमेंट फायलीबरोबर ठेवलं की झाली साक्ष. शिवाय एक फोटो, सायकल आणि मागे गावाची पाटी. कसारा घाटात रेंज नसते, तिथे फोटोच कामाला येतो.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर कुठे अर्ज करायचा असेल तर तो सुरुवातीच्या आधी करा आणि त्यांचे नियम छापून भिंतीला लावा. वर्ष झाल्यावर नियम वाचणारे फार भेटतात. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत 'रेकॉर्ड' देणारी पुस्तकं आपल्याकडे पावसाळी छत्र्यांसारखी उगवली आहेत. तिथून आणलेली फ्रेम दिवाणखान्यात छान दिसते, पण ज्याला सायकलिंगमधलं काही कळतं तो तिच्याकडे बघत नाही. अशा पैशांत दोन टायर येतील.

लाइव्ह ट्रॅकिंगबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जानेवारीतच विचाराल म्हणून सांगून ठेवतो. नकाशावर त्याचं टिंब सरकताना दिसतं आणि घरची माणसं दिवसभर ते टिंब बघत बसतात. पहिल्याच महिन्यात एक दुपार अशी येईल की टिंब मुंब्रा बायपासला थांबेल आणि हलणार नाही. आमचं थांबलं होतं. तिथे ट्रक कसे येतात ते माहीत असल्यामुळे माझ्या हातापायातलं बळ गेलं. सलग नऊ फोन केले. आमचा स्वार पंक्चर काढत होता, हात काळे, फोन बॅगेत. फोन शेवटी उचलला तेव्हा तो मला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आमचा नियम ठरला: टिंब वीस मिनिटं थांबलं तर एक मेसेज, चाळीस झाली तर एक फोन, तासाला त्या रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला फोन. शहापूर, भिवंडी, पनवेल, उरण, प्रत्येक बाजूला असा एक माणूस आधी गाठून ठेवा. उरणच्या बाजूला बंदराच्या कंटेनरची रांग असते, तिकडे शक्यतो रविवारी पहाटेच. आणि घराचा पत्ता दिसेल असं टिंब सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. स्ट्रावावर घराभोवतीचा भाग लपवता येतो, त्याने अंतर कमी होत नाही.

अपघाताचाही विचार करून ठेवावा लागतो. स्टीव्ह अब्राहम हा इंग्लंडचा स्वार १ जानेवारी २०१५ ला निघाला आणि मार्चअखेर त्याला एका मोपेडने उडवलं, घोटा मोडला. काही आठवड्यांत तो तीनचाकी सायकलवर एका पायाने पुन्हा रस्त्यावर होता. ऑगस्टमध्ये त्याने नव्याने घड्याळ लावलं, पहिला दिवस पुन्हा पहिला. तुमच्या भावाच्या शीटमध्येही ही सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. तारखेबरोबर 'कितवा दिवस' असा रकाना असू द्या, म्हणजे कधी नव्याने मोजायची वेळ आली तर सगळं उपसावं लागणार नाही. शिवाय एक रकाना सकाळच्या नाडीचा. उठल्या उठल्या, चहाच्या आधी. ती सलग तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठने जास्त आली तर शीटमध्ये काहीही लिहिलेलं असो, चौथ्या दिवशी सायकल कुलपात. सुट्टीचं गणित वर दिलंच आहे.

राहिली तारीख. आईंच्या पाडव्यात एक गंमत आहे. पाडवा ते पाडवा म्हणजे वर्ष असं धरलंत तर ३० मार्च २०२५ ते १९ मार्च २०२६ हे ३५४ दिवस होतात, आणि १९ मार्च २०२६ ते ७ एप्रिल २०२७, मध्ये अधिक महिना आल्यामुळे, ३८४. म्हणजे एका वर्षी अकरा दिवस कमी, दुसऱ्या वर्षी एकोणीस जास्त. चाळीस हजारांत हे एकोणीस दिवस दोन हजार किलोमीटरच्या घरात जातात. पाडव्याला निघायला हरकत नाही, फक्त मोजायचे ३६५ च. तरी मी जानेवारी म्हणेन. पाडव्याला सुरुवात केली तर अंग तयार व्हायच्या आधीच एप्रिल-मेचं ऊन आणि त्याला लागून पाऊस. जानेवारीत थंडी असते, पहिले दोन महिने बसणीचे हाल सोसायला हवा बरी असते, आणि शेवटचे तीन महिने ऑक्टोबर ते डिसेंबर, आपल्याकडचे त्यातल्या त्यात बरे.

आईंचा पाडवाही साधता येईल. पाडवा १९ मार्चला धरला तर १२४ च्या हिशेबाने तोवर त्याचे साडेनऊ हजार झालेले असतील आणि चेन तिसऱ्यांदा बदलायला आलेली असेल, ठाण्याच्या धुळीत चेन साडेतीन हजारांच्या पुढे ओढू नये. ती नवी चेन त्या दिवशी आईंच्या हातून पूजा करून बसवा. जुनी फेकू नका, किती झिजली ते मोजायला मला द्या.